एक्केचाळीस मार्कांचे उस्ताद

पहिल्याच रविवारी मी वर्गाच्या दारात पाऊल ठेवलं आणि आतून कोणीतरी गरजलं, “क्लास, सावधान!” सगळा वर्ग खाडकन उभा राहिला. फळ्याशेजारी एक उंच, सडसडीत, कानशिलांवर केस पिकलेला गृहस्थ ताठ उभा होता. माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी नजर ठेवून त्याने मला सांगितलं, “म्याडम, क्लास आपके लिए हाजिर है!” माझी सारी हयात कॉलेजात शिकवण्यात गेली, पण माझ्यासाठी वर्ग कधी असा उभा राहिला नव्हता. त्यामुळे उभा राहिलेला वर्ग बसवायचा कसा, हेही मला ठाऊक नव्हतं. मी आपली “बसा, बसा” म्हणत राहिले. कोणी बसेना. शेवटी त्या गृहस्थानेच “क्लास, बैठ!” म्हणून हुकूम सोडला, तेव्हा कुठे मंडळी टेकली.

नारायण पेठेतल्या एका शाळेत रविवारी मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरतं. निवृत्त झाल्यावर मी तिथे बी.ए.च्या मंडळींना मराठी आणि शिक्षणशास्त्र शिकवत होते. सगळे आठवडाभर कामधंदा करून येणारे. कोणी ब्यूटी पार्लर चालवतं, कोणी बँकेत शिपाई, कोणाची बढती पदवीवाचून अडलेली. त्यांना वेळेवर येणंसुद्धा जिवावर येतं. त्या दिवशी मात्र फळा स्वच्छ पुसलेला, बाकं दोरी लावल्यासारखी सरळ आणि खिडक्या सताड उघड्या. मी विचारलं, “हे कोणी केलं?”

“आमच्यात ह्याला शुरू-शुरू का काम म्हनतात, म्याडम,” ते गृहस्थ म्हणाले. “उस्तादानं आधी जागा बघायची, मानसं बघायची, उजेड बघायचा. मग तोंड उघडायचं.”

“इथे उस्ताद मी आहे,” मी म्हटलं.

“व्हय. म्हनून तर तुम्हाला तयार करून दिला.”

हे हवालदार सोपान दांगट. सिंहगड रस्त्याच्या अंगाचं त्यांचं गाव आता महापालिकेच्या हद्दीत आलं आहे, म्हणजे कर येतो आणि पाणी येत नाही. घरची शेती होती. भावांनी ती बिल्डरला दिली आणि गळ्यात जाडजूड साखळ्या घालून ते मोकळे झाले. हे मात्र बारावीत नापास होऊन फौजेत गेले ते सतरा वर्षांनी परतले. शेवटची बरीच वर्षं ते प्रशिक्षण केंद्रात नव्या जवानांना शस्त्रं शिकवत होते. अशा शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात. गावातही त्यांना सगळे उस्तादच म्हणत, काही आदराने, काही चेष्टेने.

फौजेतून आलेल्या माणसाला पुण्यात कामाची वाण नाही. आयटी कंपन्यांच्या फाटकांवर उभं राहायला, सोसायट्यांचे वॉचमन हाकायला असे लोक सगळ्यांना हवे असतात. भावांनीही साइटवर बसायला बोलावलं. दांगटांनी सगळ्यांना नकार दिला. “मला शिकवायचं सोडून दुसरं काय येतच न्हाई,” हे त्यांचं कायमचं उत्तर. गावातल्या हायस्कुलात मुलांना कवायत, खेळ आणि शिस्त शिकवणाऱ्या माणसाची जागा रिकामी होती. त्यांनी अर्ज केला. त्या शाळेच्या संस्थेचे सचिव त्यांचेच चुलतभाऊ, आण्णा दांगट. भाऊबंदकी ही काय चीज असते ते मी वेगळं सांगायला नको. फौजेतून निवृत्त होताना दांगटांना पदवीशी समकक्ष असल्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं. आण्णांनी ते दोन बोटांत धरलं आणि चार माणसांदेखत म्हणाले, “सोपान, समकक्ष म्हणजे पदवी नव्हं. पदवी आण, जागा ठेवतो.”

“समकक्ष!” दांगट मला सांगताना अजून धुमसत होते. “म्याडम, तिथं वर थंडी समकक्ष नव्हती. समोरनं येनारी गोळी समकक्ष नव्हती. आन मी तेवढा समकक्ष?”

म्हणून ते आमच्याकडे आले. आमच्या विद्यापीठात जवानांसाठी एक चांगली सोय आहे. फौजेत केलेल्या कोर्सांची क्रेडिट धरतात, त्यामुळे निम्मी पदवी तिथेच पदरात पडते. उरलेले पेपर मात्र इतरांसारखे बसून द्यायचे. आमच्या केंद्रप्रमुखांना ही सोय फारशी पसंत नव्हती. एकदा चहाच्या वेळी ते दांगटांना म्हणाले, “तुमची काय मजा आहे बुवा. निम्मी डिग्री फुकट!” दांगटांनी कप खाली ठेवला. “तुम्ही बी घ्या की, साहेब. फुकटच हाय. सतरा वर्षं तेवढी द्यावी लागत्यात.” केंद्रप्रमुख त्यानंतर चहा आपल्या खोलीत घेऊ लागले.

पण पेपर द्यायचे म्हणजे लिहायला हवं, आणि इथे खरी पंचाईत झाली. मी वर्गाला ‘वाचनाचे महत्त्व’ यावर निबंध लिहायला सांगितला. दांगटांचा निबंध मी अजून विसरलेले नाही. वर ठळक अक्षरांत ‘पोहोच’, आणि खाली दोन ओळी: वाचन न करणाऱ्या माणसाचे काय हाल होतात ते आपण पाहतो. मग ‘उद्देश’: या निबंधाचा उद्देश वाचनाचे महत्त्व सांगणे हा आहे. मग ‘सामान’: पुस्तक एक, उजेड, बसण्यास जागा. मग ‘भागांत वाटणी’: भाग पहिला, वाचन का करावे. भाग दुसरा, वाचन कसे करावे. प्रत्येक भागात तीन वाक्यं. आणि शेवटी, निबंध संपल्यावर: कोणाला काही शंका?

मी हसून हसून बेजार झाले. मग त्यांना बोलावून विचारलं, “अहो, हे काय आहे?”

“पाठ हाय, म्याडम. फौजेत सगळं असंच शिकवतात. कुनी झोपेत जरी ऐकला तरी ध्यानात ऱ्हातो.”

“हा निबंध आहे. परीक्षकाला झोपेत ऐकायचा नाही, जागेपणी वाचायचा आहे. जरा फुलवून लिहा. एखादा अनुभव घाला, वळणं घ्या.”

“म्हंजी पाल्हाळ?”

“पाल्हाळच म्हणा हवं तर. विद्यापीठात त्याला विस्तार म्हणतात.”

ते गंभीरपणे म्हणाले, “हुकूम हाय तर करतो. पन ह्यात फायर कमी, धूर जास्त.”

ते धूर काढायला शिकले. रविवारी वर्ग सुटल्यावर मागे थांबायचे आणि माझ्याकडून एकेक उत्तर तपासून घ्यायचे. “प्रस्तुत कवितेत कवयित्रीने” अशी सुरुवात करताना त्यांचा चेहरा एरंडेल घेतल्यासारखा व्हायचा, पण लिहायचे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मराठी, एकेक पेपर सुटत गेला, आणि मार्क चक्क चांगले पडले. वर्गातली पार्लरवाली वंदना त्यांना म्हणाली, “उस्ताद, तुम्ही तर आता एकदम सरांसारखं लिहिता.” दांगट म्हणाले, “शिव्या देऊ नका, ताई.”

आणि मग क्रेडिटचं घोडं पेंड खायला लागलं. विद्यापीठाच्या समितीने त्यांच्या फौजी कोर्सांची छाननी केली. नकाशावाचन मोजलं, प्रथमोपचार मोजला, फौजेतली शिक्षणाची परीक्षा मोजली, एवढंच काय, गाडी चालवण्याचा कोर्ससुद्धा मोजला. एकच कोर्स मोजला नाही: उस्तादाचा. त्यापुढे शेरा होता ‘अशैक्षणिक’. ज्या कोर्सात शिकवायचं कसं ते शिकवतात, तेवढाच नेमका अशैक्षणिक.

दांगटांनी दाद मागितली. सुनावणीला मीही त्यांच्याबरोबर गेले. लांबट टेबलापलीकडे तीन प्राध्यापक बसले होते. त्यांतले अध्यक्ष फार सभ्य होते. “दांगट, जवानांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. पण…” या ‘पण’च्या आधीचा आदर पुण्यात मुबलक मिळतो. पुढे त्यांनी समजावून सांगितलं की शस्त्र हाताळणं हे कौशल्य झालं, ज्ञान नव्हे, आणि पदवीच्या चौकटीत ते बसत नाही.

“साहेब, रायफल कारखान्यात बनती,” दांगट म्हणाले. “मी पोरं शिकवत हुतो.”

“बरोबर आहे. पण शिकवत होतात ते शस्त्रच ना?”

“मग तुम्ही बॉटनी शिकवता तवा झाड मोजत्यात का शिकवनं मोजत्यात?”

दुसरे प्राध्यापक हसले, तिसऱ्यांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी पुन्हा आदर व्यक्त केला आणि तोडगा सुचवला. तेवढ्या क्रेडिटसाठी एक जादा पेपर द्यावा. पर्यावरणाचा घ्या, सोपा असतो, सगळे तोच घेतात. एका परीक्षेचा प्रश्न आहे, ती झाली की पदवी हातात. मला वाटलं, ठीक आहे, सुटलो. बाहेर आल्यावर दांगट म्हणाले, “जादा पेपर देतो. पन कुठला ते मी ठरवनार.” त्यांनी घेतला ‘अध्यापन पद्धती’, म्हणजे माझाच विषय. मी मनातून सुखावले. त्यांच्या डोक्यात काय शिजतंय याची मला कल्पना नव्हती.

या पेपरात पाठ टाचण लिहायचं असतं, म्हणजे वर्गात जो पाठ घ्यायचा त्याचा पायरी-पायरीने आराखडा. त्याला जवळजवळ निम्मे मार्क. माझे सगळे विद्यार्थी ‘फुलाचे भाग’ लिहितात. पिढ्यान् पिढ्या तेच फूल चालत आलं आहे. त्यात चुकायला काही नसतं आणि परीक्षकालाही ते पाठ असतं. दांगटांनी पाठ टाचण लिहिलं: ‘रायफल अडकल्यास करावयाचा तातडीचा इलाज’. आणि तेही फौजेच्या साच्यात, सामानासकट. परीक्षकाने त्या उत्तरावर भोपळा दिला. दांगट नापास झाले.

मी समजावलं. पुढच्या परीक्षेला त्यांनी पुन्हा तोच इलाज लिहिला. पुन्हा नापास.

इकडे गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. आण्णांनी शाळेच्या झेंडावंदनाला, भाषणात, जाता जाता म्हटलं म्हणे, की आमच्या सोपानला बारावीपासून नापास होण्याची सवयच आहे. जागा अजून रिकामी होती, पण आण्णा ती फार दिवस ठेवणार नाहीत हे आंधळ्यालाही दिसत होतं. या माणसाला शिकवायचं होतं, शिकवण्याची जागा समोर होती, मध्ये फक्त एक फूल होतं. पुढच्या रविवारी वर्ग रिकामा झाल्यावर माझा संयम सुटला. “अहो दांगट, फूल लिहा आणि मोकळे व्हा! पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर! तुमच्या शेतात तर गुलछडीची फुलं असतील ना? मग काय अडचण आहे?”

“म्याडम, फूल मी कुनाला शिकवलेलं न्हाई. जे हातानं शिकवलं न्हाई ते कागदावर लिव्हायचं न्हाई.”

“ही परीक्षा आहे, शपथविधी नाही!”

ते पहिल्या बाकावर बसले, दोन्ही हात बाकावर ठेवले आणि डोळे मिटले. मग हात हलू लागले. काहीतरी जड आडवं धरलं, डाव्या हाताने काहीतरी काढलं, उजव्याने मागे ओढलं, बोटाने चाचपलं, परत बसवलं. बाक रिकामा होता, पण मला तिथे रायफल दिसत होती. सगळं होईपर्यंत माझा एक श्वाससुद्धा पुरा झाला नसेल.

डोळे उघडून ते म्हणाले, “रायफल ऐन वक्ताला अडकली तर हे करायचं. ह्याला आमच्यात फौरी इलाज म्हनतात. अंधारात करायचा, थंडीनं बोटं मेल्याली असताना करायचा, भ्याला असताना करायचा. भ्याल्यावर मानसाला सोताचं नाव आठवत न्हाई, म्याडम. पन हात विसरत न्हाईत. ते हात मी बनवत हुतो.”

मग म्हणाले, “माझ्या हाताखालनं गेलेली दोन पोरं परत आली न्हाईत. एक बुलढान्याचा, एक कराडकडचा. बातमी कळली तवा मी त्यांच्या पलटनीत फोन लावला. एकच इचारलं, रायफल चालत हुती का? म्हनले, शेवटपर्यंत चालत हुती. तवा कुठं मी जेवलो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता ते अशैक्षणिक हाय म्हनतात. मी फूल लिव्हलं की मी त्यांचं ते कबूल केलं. न्हाई करनार.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनीही पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही. आपला इस्त्रीचा रुमाल पुढे केला. मी डोळे पुसले आणि मला समितीचा, परीक्षकाचा, आणि त्या पिढीजात फुलाचा असा काही संताप आला की सांगता सोय नाही.

“बरं,” मी म्हटलं. “फूल नको. रायफलच लिहा. पण आता माझ्या पद्धतीने लिहायची. तुमचा माल, माझी बरणी.”

त्यानंतरचे रविवार माझ्या शिक्षकी आयुष्यातले सगळ्यात मजेचे. पाठ टाचणाचे ठरलेले रकाने असतात. आम्ही एकेक भरत गेलो. त्यांची ‘पोहोच’ म्हणजे आमची प्रस्तावना. त्यांचा ‘उद्देश’ म्हणजे आमची उद्दिष्टे. ‘सामान’ झालं शैक्षणिक साधने. आधी उस्तादाने करून दाखवायचं, हे झालं दिग्दर्शन, आणि पोरांनी करायचं, ती विद्यार्थी कृती. ‘कोणाला शंका?’ म्हणजे मूल्यमापन. मी वर्षानुवर्षं जे शिकवत होते तेच हा माणूस वर्षानुवर्षं करत होता, फक्त माझ्या वर्गात कोणाच्या जिवावर बेतत नव्हतं.

भांडणंही झाली. मी म्हटलं, प्रस्तावनेत एखादा प्रश्न विचारून मुलांचं कुतूहल जागं करा. ते म्हणाले, “रायफल अडकली की कुतूहल आपोआप जागं व्हतं.” मी म्हटलं, प्रबलन लिहा, म्हणजे मुलांना शाबासकी. ते म्हणाले, “चांगलं केलं तर शाबास, चुकलं तर ग्राउंडला चक्कर. दुसरं बी लिव्हू का?” ते मी गाळायला लावलं. सगळ्यात मोठा वाद शेवटच्या रकान्यावर झाला. गृहपाठ. तो लिहिलाच पाहिजे, त्याला मार्क असतात. दांगट अडून बसले. “म्याडम, रायफल घरी नेत न्हाईत.” मी परोपरीने सांगितलं, आकृती काढून आणा असं तरी लिहा. शेवटी त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘गृहपाठ: लागू नाही. रायफल कोतात जमा करणे.’ कोत म्हणजे शस्त्रं कुलपात ठेवायची खोली. मी हात टेकले.

तिसऱ्या परीक्षेला त्यांनी अगदी असंच लिहिलं, गृहपाठासकट. निकालाच्या दिवशी मी घरी, सदाशिव पेठेत, फोन हातात घेऊनच बसले होते. बाई माणसाने या वयात निकालाची इतकी धास्ती घ्यावी हे बरं दिसत नाही, पण घेतली. दांगटांचा फोन आला. “म्याडम, एक्केचाळीस. चाळीसला पास हाय.” कोणी तपासलं, काय पाहून मार्क दिले, की तिसऱ्यांदा तीच रायफल आली म्हणून बिचाऱ्याने हात वर केले, देव जाणे. मी म्हटलं, “अभिनंदन, पदवीधर झालात!” ते म्हणाले, “पदवीचं नंतर बघू. त्यांनी मार्क दिलं, म्याडम. शून्य नव्हं. म्हंजी मोजलं.”

आता गावातली मुलाखत राहिली होती. त्या मुलाखतीचं सगळं मला दांगटांनी सांगितलं, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवूनही मी शाळेच्या मुख्याध्यापिकेकडून, त्या माझ्या ओळखीच्या होत्या, पुन्हा ऐकून घेतलं. दोघांचं तंतोतंत जुळलं. आण्णांनी गुणपत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मराठीत चांगले, समाजशास्त्रात चांगले, अर्थशास्त्रात तर फारच चांगले. मग बोट एका ओळीवर थांबलं. आण्णांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“सोपान, तुला शिकवायलाच घ्यायचा म्हंतो आपन. आन शिकवायच्या इषयातच एक्केचाळीस? सगळ्यात कमी?”

“व्हय, आण्णा,” दांगट म्हणाले. “बाकीच्या पेपरात मला शिकवलं तसं लिव्हलं. ह्या एका पेपरात मी लिव्हलं. ह्या कागदावर माझं सोताचं म्हनशील तर तेवढंच हाय.”

“पर निवड समितीला काय सांगू मी? बाकीच्या उमेदवारांचं साठ-पासष्ट हायत.”

“काय सांगायचं ते सांग. समकक्ष चालत न्हवतं म्हनून पदवी आनली. आता पदवी आनली तर मार्क चालंनात. उद्या मार्क आनलं तर माझी उंची चालायची न्हाई तुला.” एवढं बोलून त्यांनी गुणपत्रक उचललं, आण्णांना सलाम ठोकला आणि बाहेर पडले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बाई, तो सलाम होता, पण आण्णांना थोबाडीत बसल्यासारखं झालं.”

जागा आण्णांच्या साडूच्या मुलाला मिळाली. त्याला फुलाचे भाग छान येत असावेत.

मला वाटलं होतं दांगट खचतील. मी त्यांना भेटायला बोलावलं, काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. ते आले ते हसतच. सदाशिव पेठेतल्या पोलीस भरतीच्या एका क्लासने त्यांना ठेवून घेतलं होतं. पहाटे मैदानावर पोरापोरींना पळवायचं आणि दुपारी कवायत शिकवायची. तिथे त्यांना पदवी कोणी विचारलीही नाही. “म्हंजी म्याडम, डिग्रीचा उपेग काय झाला म्हनाल तर काय बी न्हाई,” ते म्हणाले आणि खदखदून हसले. मी नाही हसले. मला आण्णांचा राग होता, साडूच्या मुलाचा होता, आणि जगाचा तर कायमचाच असतो. माझ्या एका चांगल्या विद्यार्थ्यावर अन्याय झाला होता आणि तो स्वतः मजेत चहा पीत होता.

पण ते मजेत नव्हते, हे मला दोन महिन्यांनी कळलं. विद्यापीठातल्या त्या समितीच्या कारकुनाचा मला फोन आला. “बाई, तुमचे ते दांगट काय डोक्यावर पडलेत का? पदवी मिळाली, सगळं संपलं, आणि त्यांनी पुन्हा अर्ज केलाय, उस्ताद कोर्सचं क्रेडिट मोजा म्हणून. आता त्या क्रेडिटचं ते काय लोणचं घालणार आहेत?”

मी दांगटांना हाच प्रश्न विचारला, जरा सौम्य शब्दांत.

“मला काय करायचंय त्याचं?” ते म्हणाले. “माझं भागलं. पन तो शेरा तसाच हाय की, अशैक्षणिक. मी पास झालो म्हनून तो पुसला न्हाई. माझ्या मागनं येनारा उस्ताद त्याच टेबलापुढं उभा ऱ्हानार. त्याला फूल लिव्हायला लावतील. सगळेच माझ्यासारखे तीनदा बसनार न्हाईत.”

तो अर्ज फेटाळला गेला. त्यांनी दुसरा केला. तोही फेटाळला गेला. आता दर सत्राला त्यांचा अर्ज जातो. सुनावणीला मैदानावरून परस्पर येतात, बूट चकचकीत, शर्टाची घडी जागच्या जागी, आणि तीच गोष्ट तितक्याच शांतपणे पहिल्यापासून सांगतात. मी अभ्यासकेंद्राचं काम सोडलं, गुडघे कुरकुरतात, पण सुनावणी मात्र चुकवत नाही. रिक्षावाल्याला विद्यापीठाचं नाव सांगितलं की तो विचारतो, “आजी, तुमचा निकाल लागायचा राहिलाय का?” मी हो म्हणते.

गेल्या खेपेला गेलो तर अध्यक्ष बदललेले होते. आदर तोच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नियम वाचून दाखवला, चष्मा काढून पुसला आणि अगदी काकुळतीने विचारलं, “दांगट, खरं सांगा, तुम्ही असे किती वेळा येणार आहात?”

“साहेब,” दांगट म्हणाले, “पहाऱ्याच्या पोस्टवरचा मानूस बदलीचा गडी आल्याबिगर हालत न्हाई.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. या बाई वयाने वडील आहेत, कॉलेजात शिकवून आलेल्या आहेत, निदान या तरी दोन शब्द शहाणपणाचे बोलतील, अशी त्यांना आशा वाटली असावी.

“पुढची तारीख द्या,” मी म्हटलं.